जब्बार सर वाचून राहिले

आमचे शेजारी जब्बार सर स्वतःच्या घराचं दार वाजवल्याशिवाय आत जात नाहीत. घरात दुसरं कोणी राहत नाही. कुलूपही त्यांनीच लावलेलं असतं. तरी कुलूप काढायचं, दोनदा टकटक करायचं, जरा थांबायचं, मग आत. एकदा मी न राहवून विचारलं, "सर, आत कोणी नाही हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"सकाळी निघालो तवा नव्हतं," सर म्हणाले. "आत्ताचं मला काय ठाऊक?"

भाजीवाली म्हणाली, कोथिंबीर ताजी हाय, की सर विचारणार, "हाय का होती?" ती बिचारी जुडी उचलून बघते.

सर हिंगोलीतच पॉलिटेक्निकला शिकवायचे, मलाही त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात. सरांनी कर्नल धरलं. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मूळ प्रोग्राम, बाकी सगळं त्याच्या जिवावर चालतं. जगभरची माणसं तो मिळून लिहितात. कोणी बदल सुचवला की दुसऱ्यानं तो तपासायचा, आणि पटला तर त्याखाली आपलं नाव घालायचं. सर असे बदल तपासतात, फुकट. पण नाव घालायला इतके चिकट की काय सांगू. दहातल्या नऊ जणांना त्यांचं एकच उत्तर असतं: पुन्हा बघा.

यंदा त्यांच्या तावडीत मी सापडले. मी घरूनच एका लहानशा कंपनीचं काम करते. हळदीच्या गोदामांत ओल मोजणारी आमची यंत्रं मध्येच गप्प बसायची. का बसली हे कळायला त्यांच्या मेमरीत डोकवावं लागतं. नुसतं वाचायचं, बदलायचं काही नाही. पण जी जागाच उरली नाही ती वाचायला गेलं की यंत्र पार आडवं. नाडी बघायला गेलेल्या डॉक्टरनं पेशंटच मारावा, तसं. त्यावर मी कर्नलमध्ये एक बदल लिहिला. तो महिन्याभरात स्वीकारला गेला तर नोकरी पक्की, हिंगोलीत राहूनच. नाहीतर काम पुण्याला जाणार, आणि आईला इथं एकटीला सोडून मलाही त्याच्या मागे जावं लागणार.

तपासायला सरच आहेत म्हटल्यावर मी निर्धास्त होते. म्हटलं, घरचंच काम.

"आधी विचारून राहिलीस, जागा हाय का. मग वाचून राहिलीस. बराबर?" सर म्हणाले.

"बरोबर."

"विचारलंस तवा होती. वाचलंस तवा?"

"मध्ये क्षणभरसुद्धा जात नाही हो सर."

"तेवढ्यात दुसऱ्यानं जागा मोकळी करून टाकली मग? विचारत बसू नको बेटा. वाच, पण पाय घसरला तर न पडता माघारी येता येईल असं वाच."

"आणि तुम्ही? तुम्ही तर स्वतःचंच दार वाजवून थांबता."

"माझ्या घरात पडलो तर मी एकटा पडतो. हे पडलं तर सगळ्या गोदामांतली यंत्रं पडतील."

मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा परत केलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तर मीच माती खाल्ली. आमच्याकडं 'वाचून राहिला' म्हणजे वाचतोय. बदल काय करतो हे त्याच्यासोबत लिहायचं असतं; घाईघाईत मी तेच इंग्रजीत उतरवलं, आणि त्याचा अर्थ झाला, 'वाचतो आणि तिथंच राहतो.' जर्मनीतल्या एका गृहस्थांनी सगळ्या जगासमोर विचारलं, "कुठे राहतो? आणि जाणार कधी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लॅपटॉप मिटला आणि आईला म्हटलं, बांध माझी बॅग.

दुपारी सर आले. "बॅग काहून काढली? त्यो माणूस बराबर विचारून राहिला. तुझं कोड खरंच तिथं राहून राहिलं." बघते तर काय, वाचताना दुसऱ्या कोणी जागेला हात लावू नये म्हणून माझ्या कोडनं लावलेलं कुलूप, वाचणं अर्ध्यात फसलं की तसंच राहत होतं. बाकीचे सगळे प्रोग्राम बाहेर खोळंबलेले. माझं इंग्रजी चुकलं होतं, पण अगदी बरोबर चुकलं होतं.

ते दुरुस्त केलं. त्या चाळीस ओळी वाचायला सरांनी तीन दिवस घेतले. महिना संपत आलेला, आणि मी त्यांच्या दाराशी चकरा मारतेय. आई म्हणाली, "सर वाचून राहिलेत, गप बस जरा." चौथ्या दिवशी सरांनी नाव घातलं, आणि दोन दिवसांत बदल स्वीकारला गेला.

पेढे घेऊन गेले तरी माझा राग गेला नव्हता. "सर, नुसतं नावच तर घालायचं होतं. इतकं काहून छळलं?"

सरांनी पेढा हातातच धरला. "माझा पहिला बदल कोणी नीट न बघताच घेतला होता. त्यात घोटाळा निघाला. कुठली कुठली माणसं शिव्या देऊन राहिली, लई दिवस. मी खाली बघितलं, तर माझं एकट्याचंच नाव. घरी सांगायलाबी कोणी न्हाई. लई तकलीफ झाली, बेटा."

इतकी वर्षं या माणसाला मी चिकट म्हणत आले होते. मला फार लाज वाटली.

"आता तुझ्या बदलाखाली माझं नाव हाय," सर म्हणाले. "उद्या काही निघालं, तर निम्म्या शिव्या माझ्या."