सबनीसकाकांनी चाक चोरलं

आमच्या शेजारचे सबनीसकाका बाहेरून आले की स्वतःच्याच घराची बेल वाजवत. घरात दुसरं कुणीही नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं, आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. तरी बेल वाजवायची, जरा खाकरायचं, थोडं थांबायचं आणि मग कुलूप उघडायचं. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "अरे मिलिंद, आत चोर असला तर त्याला बाल्कनीतून उतरायला अवधी नको का? समोरासमोर गाठ पडली म्हणजे दोघांचीही पंचाईत."

ही ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. आम्ही वर्तकनगरला एका कॉलनीत राहायचो. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. उंच, वाकलेले, बोलताना मागे वळून बघणारे. "मला शंका येते" हे त्यांचं पालुपद. दूध पातळ आलं की शंका, घट्ट आलं तर जास्तच शंका. पोस्टमन हसला तरी शंका.

अशा माणसाने गाडी घेतली. जुनीच, राखाडी रंगाची. ती चालवायला म्हणून घेतली असं आम्हाला वाटलं, पण ती राखायलाच घेतली होती बहुतेक. दिवसातून कितीदा तरी खिडकीतून वाकून ती जागेवर आहे ना, बघायचे. त्यातच पलीकडच्या कॉलनीत कुणाच्या तरी गाडीची चारही चाकं रातोरात गेली. सकाळी गाडी विटांवर उभी. काका ती बघून आले आणि दोन घास जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुंबईला जाऊन त्यांनी चाकांना लावायचे खास लॉकवाले नट आणले. नेहमीच्या नटाला सहा कडा असतात, पाना बसतो. हा नट बाहेरून गुळगुळीत गोल, आणि तोंडावर फुलासारखी खाच. त्या खाचेत बसणारी एकच चावी, बोटभर लांबीची. ती लावल्याशिवाय नट फिरणार नाही.

"कुठे मिळाले?" मी विचारलं.

"चोरबाजारात." माझा चेहरा बघून ते पुढे म्हणाले, "हसू नकोस. चोराला काय अडतं ते तिथेच कळणार."

प्रत्येक चाकाला एकेक नट बसला आणि मग काकांची खरी झोप उडाली, कारण आता चावी सांभाळायची होती. ती आधी रव्याच्या डब्यात होती. तिथून देवाच्या फोटोमागे गेली. मग गादीत. चोराला सुचेल असं वाटलं की जागा बदलायची. शेवटी त्यांनी ती अशा ठिकाणी ठेवली की चोराच्या बापाला सापडणार नाही. ते ठिकाण त्यांनी मलाही सांगितलं नाही, आणि तेही अभिमानाने.

तरी समाधान नव्हतंच. एका सकाळी जिन्यात गाठून म्हणाले, "मिलिंद, रात्रभर मी चोर होऊन पडलो होतो. चावी नाही, तर मी काय करीन? पान्याची गोटी असते ना, नटावर बसते ती लोखंडी टोपी? नटापेक्षा अंमळ लहान गोटी घ्यायची आणि घणाने ठोकून नटावर चढवायची. घट्ट रुतली की फिरवायची. निघतो रे नट! मला दरदरून घाम फुटला."

मी ऑफिसात ही गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं.

माझी बायको सुनीता तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, डोंबिवलीला कोपरला गेली होती. एका रविवारी लोकल गाड्या बंद होत्या आणि मला तिला भेटायचं होतं. काका स्वतःहून म्हणाले, "चल, मी सोडतो. गाडीचं इंजिन अधूनमधून फिरलेलं बरं."

आम्ही पोचलो तर घरात धावपळ. सुनीताचं पोट दुखायला लागलेलं, पाय सुजलेले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तदाब खूप वाढलाय आणि बाळ आडवं आहे. इथे नाही जमायचं. ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्या, आत्ताच्या आत्ता."

दारात गाडी उभी होती. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्यांनी मागचं दार उघडून धरलं. सुनीता, तिला धरून तिची आई, पुढे मी. शीळ रस्त्याने निघालो. तेव्हा त्या रस्त्याला दोन्हीकडे नुसती शेतं आणि डोंगर. वस्ती म्हणावी तर लांब कुठेतरी. ऊन उतरलेलं. काका ओठ घट्ट मिटून चालवत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना जोरात चालवताना पाहत होतो.

धाडकन आवाज झाला. गाडी एका अंगाला ओढली गेली आणि थांबली. मागचं चाक बसलं होतं.

मी खाली उतरलो, जॅक लावला, साधे नट सैल केले. राहिला तो गोल, गुळगुळीत.

"काका, चावी?"

"सुरक्षित आहे."

"कुठे?"

"घरी."

मागून सुनीता कण्हली. सासूबाई मोठ्याने देवाचं नाव घेऊ लागल्या. एक ट्रक आला, मी हात केला, तो धूळ उडवत निघून गेला. टेम्पोही थांबला नाही. मी काकांवर ओरडलो, काय काय बोललो ते आता आठवतही नाही. ते नुसते त्या नटाकडे बघत उभे होते.

एवढ्यात शेताच्या बांधावरून एक माणूस उतरला. उघडा, काळाकभिन्न, हातात कोयता. काकांनी माझा दंड पकडला. "संपलं," ते पुटपुटले.

"काय झाला?" त्या माणसाने दरडावून विचारलं. "चाक चोरताव का काय?"

काका माझ्या पाठीमागे सरकले. तेवढ्यात सुनीता पुन्हा ओरडली. त्या माणसाने गाडीत डोकावून पाहिलं आणि कोयता खाली टाकला. "आरे देवा! पोरीला न्यायची कशी मंग?"

आणि मग काका बोलले. आवाज चिरका होता, पण बोलले. "घण आहे का तुमच्याकडे? आणि एखादा लोखंडी पाइप?"

"हाय ना. घराशी हाय."

तो पळत गेला. काकांनी डिकीतून पान्यांची पेटी काढली आणि एकेक गोटी नटाशी लावून पाहू लागले. ही सैल. ही पण सैल. एक मात्र बसता बसेना. "हीच," ते म्हणाले.

माणूस घण घेऊन आला. गोटी नटावर सरळ धरायला कुणीतरी हवं होतं. मी हात पुढे केला. काकांनी तो बाजूला सारला. "तुला तिकडे बाळ हातात घ्यायचंय." पालीला घाबरून आमच्या घरी येऊन बसणारा हा माणूस रस्त्यात गुडघे टेकून बसला, दोन बोटांत गोटी धरली आणि डोळे मिटले. "मारा!"

पहिला घाव घसरला आणि त्यांच्या अंगठ्यावर बसला. आम्ही दोघेही किंचाळलो. काका नाही.

"मारा हो! थांबू नका!"

घाव पडत राहिले. गोटी तसूतसूने नटावर रुतली. मग पान्याच्या दांड्याला पाइप चढवला आणि आम्ही तिघांनी मिळून रेटला. काही हलेना. पुन्हा रेटला. कर्रकन असा आवाज झाला की मला वाटलं काहीतरी मोडलं. नट फिरला होता.

हॉस्पिटलात सुनीताला लगेच आत नेलं. काका गाडीतच बसून राहिले. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे सांगायला मी धावत बाहेर आलो. काकांनी ऐकलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेना. वॉचमन धावत आला. काकांना हॉर्न वाजतोय हे कळतच नव्हतं. त्यांचे खांदे हलत होते.

सव्वा महिन्याने सुनीता बाळाला घेऊन वर्तकनगरला आली. मुलगी रडकी होती. भिंती पातळ. शेजारी काकांना त्रास होत असणार म्हणून आम्हीच ओशाळलेले. एका संध्याकाळी ती बराच वेळ रडून गप्प झाली, आम्ही हुश्श केलं, आणि दारावर टकटक झाली. काका उभे होते.

"माफ करा काका, आज फारच रडली."

"रडण्याचं काही नाही रे. थांबली एकदम." ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते. "बरी आहे ना?"

"झोपलीय."

"झोपलीय? मग ठीक." ते वळले, पण गेले नाहीत. नख काळं पडलेला अंगठा चौकटीवर फिरवत थोडा वेळ उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "ती उठेपर्यंत बसू का इथे? तिकडे आता फार शांत वाटतं."