अटीविना समाधान

पाणीपुरवठा कार्यालयातील संगणकचालकास एक साधे काम देण्यात आले. 'तक्रारदार' या तक्त्यातून ज्यांची तक्रार मिटली आहे त्यांची नावे उचलायची आणि 'समाधानी नागरिक' या तक्त्यात उतरवायची. संगणकाला दोन ओळींचा हुकूम पुरे होता. पहिली ओळ : नावे उतरव. दुसरी : तक्रार मिटली असेल तरच.

दुसऱ्या ओळीत अट होती, आणि या कार्यालयात अट घालण्याचा अधिकार अटी-शर्ती विभागालाच आहे. तो विभाग प्रशिक्षणाला गेला होता. साहेबांनी पहिल्या ओळीला मंजुरी दिली, दुसरीचे यथावकाश पाहू म्हणाले. संगणकचालक पडला हुकमाचा ताबेदार. त्याने बटण दाबले आणि सगळे तक्रारदार एका दमात समाधानी झाले.

त्यात त्याची बायकोही होती. घरचा नळ महिनाभर कोरडा, तक्रार तिच्या नावावर. संध्याकाळी तिने कार्यालयाचा संदेश आलेला मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"अहो, मी समाधानी आहे म्हणे. लग्न झाल्यापासून हे मला पहिल्यांदाच कळतंय."

उद्याच नाव काढतो, असे म्हणून त्याने बादली उचलली. दुरुस्तीवाले समाधानी माणसाच्या दारात पाऊल टाकत नाहीत, आणि चौथ्या मजल्यावर बादल्या चढवायला घरात तो एकटाच होता.

साहेबांनी त्याला शांतपणे समजावले की नाव काढायला तक्रार लागते आणि समाधानी नागरिकाची तक्रार घेता येत नाही. मग बायको स्वतः आली. साहेबांनी खुर्ची दिली. पाणी विचारले नाही, कारण तिथलाही नळ कोरडाच होता.

"ताई, तुम्ही म्हणता नळाला पाणी नाही. रेकॉर्ड म्हणतं तुम्ही खूश आहात. दोघांपैकी सही-शिक्का कुणाकडे आहे, तुम्हीच सांगा."

तक्रारी शून्यावर आल्या, सबब दुरुस्तीवाल्यांना घरी बसवण्यात आले. बादल्या चढवून संगणकचालकाची कंबर धरली.

अखेर अटी-शर्ती विभाग परतला. त्याने रीतसर चौकशी करून निष्कर्ष काढला की अट राहिली असली तरी नुकसान कुणाचेच झालेले नाही. संदेश सर्वांना गेला होता आणि हरकत फक्त एका बाईंनी घेतली. त्याही समाधानी असल्याने ती ग्राह्य धरता आली नाही.

संदेश तुम्हालाही आला होता. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली असून आपण समाधानी आहात.' तुम्ही तो वाचलात, जरासे हसलात आणि बादली उचललीत. कार्यालय आपले आभारी आहे.