वानखेडेचा सातवा कीबोर्ड

आमचा दिगंबर वानखेडे कीबोर्ड निवडायचा तो डोळे मिटून. भरताचं वांगं चाचपावं तसं एकेक बटण दाबायचा, मग कान खाली नेऊन ऐकायचा. दुकानातला माणूस "कॅन आय हेल्प यू?" म्हणत जवळ आला, की ओठांवर बोट ठेवून त्यालाच गप्प करायचा.

कॅनडातल्या वॉन शहरातल्या एका ऑफिसात आम्ही दोघं प्रोग्रॅमर, शेजारशेजारी बसणारे. मी पुण्याचा, तो नागपूरचा, त्यामुळे मैत्री भांडूनच झाली. ऑफिसनं दिलेले चपटे कीबोर्ड आम्ही सगळे निमूट बडवत होतो. वानखेडेनं मात्र पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "हा कीबोर्ड नाही बे, पोळपाट आहे." आणि वर त्याचं पालुपद, "हात गेले का माणूस मुका!"

त्याचं उजवं मनगट खरोखर दुखायचं. म्हणून प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असलेले मेकॅनिकल कीबोर्ड तो शोधत होता. आवडलं नाही तर महिन्याच्या आत परत करा, ही कॅनडाची रीत तर त्यानं आल्या आल्या उचलली होती. खोका, पिशवी, पावती, सगळं टेबलाखाली जपलेलं असे. परतीच्या काउंटरवरची बाई त्याला बघताच विचारायची, "हाय दिगंबर! रिस्ट ऑर नॉइज?"

एकाचा आवाज तर असा, की आमचा मॅनेजर फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच गोठणारा पाऊस, सुरू झाला समजून गाडी बघायला खिडकीशी धावला. तोही कीबोर्ड परत गेला. वानखेडे रोज सकाळी आठलाच येऊन बसायचा. कशाला, विचारलं तर म्हणायचा, "टेस्टिंग."

त्या हिवाळ्यात दोघांच्या नोकऱ्या जाऊन आमच्या रांगेतली दोन टेबलं रिकामी झाली. मी मुळातच धसका घेणारा. बोटं चालेनाशी झालेल्या प्रोग्रॅमरला कोण ठेवणार, या विचारानं मीही तासातासाला आपलं मनगट फिरवून बघू लागलो. वानखेडेचं तर काय होणार, कोण जाणे! सातवा कीबोर्ड त्याला पसंत पडला, पण तोवर उशीर झाला होता. एका सोमवारी तो हाताला पट्टा बांधूनच आला. डॉक्टरनं तीन आठवडे टायपिंग बंद सांगितलं होतं. मॅनेजरनं समजूतदारपणे त्याला दुसऱ्यांचं काम तपासायला दिलं. नोकरी शाबूत राहिली, तरी वानखेडेच्या तोंडावरची काळजी हटेना.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या धास्तीनं मी घरून लवकर निघालो आणि आठलाच पोचलो. वानखेडे डाव्या हाताच्या एकाच बोटानं, घाम पुसत, टाइप करत होता. समोर चॅटची खिडकी उघडी होती.

"आई आहे," तो ओशाळून म्हणाला. "कानानं काहीच ऐकू येत नाही बे तिले. फोन काय कामाचा? तिकडच्या दिवेलागणीला रोज कॉम्प्युटरपाशी येऊन बसते. दोन वर्षं झाली, आम्ही असंच बोलून राहिलो."

मला स्वतःची लाज वाटली. ते पालुपद मी इतके दिवस नागपुरी अतिशयोक्ती समजत होतो.

"ऊठ," म्हटलं. "तू सांग, मी लिहितो."

"पण हाताचं नको सांगू बरं तिले. झोपणार नाही ती."

मी त्याच्या खुर्चीत बसलो. ऐकू न येणाऱ्या आईसाठी तो मोठमोठ्यानं सांगत होता आणि मी धडाधड लिहीत होतो. चहा झाला का? गुडघा कसा आहे? इथे बर्फ पडून राहिला. कीबोर्ड खरंच लोण्यासारखा होता.

दोन मिनिटांनी उत्तर आलं, "दिगू, आज भरभर लिहितोस. हात बरा झाला का?"

वानखेडेनं वाकून ते पुन्हा वाचलं. "मी तर कधी सांगितलंच नाही बे," तो पुटपुटला. मग म्हणाला, "लिही. हो, बरा झाला."

मी लिहिलं. पुन्हा दोन मिनिटं गेली.

"बरं. जो लिहून राहिला, त्याला चहा पाज."

वानखेडे चहा आणायला म्हणून उठला, आणि बराच वेळ आलाच नाही.