उशिरा ओ देणारा ऑर्गन

"ताई, तू अजिबात काळजी करू नकोस! ऑर्गन फाटला म्हणून काय झालं? रविवारी तुझ्यामागे असा ऑर्गन उभा करतो, की चिटणीस खुर्चीतून उठून तुला हात जोडतील!"

भाऊंनी हे वाक्य प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवर, भर दुपारी, चारचौघांत उच्चारलं. मंडळी, माणसानं बढाई मारावी, त्याला कुणाची ना नाही. पण निदान घरात, दार लावून मारावी! पायऱ्यांवर मारलेली बढाई आपल्याआधी घरी पोचते. तशी ती पोचलीच. भाऊ चपला काढतात न काढतात तोच बायकोनं विचारलं, "काय हो, तुम्ही म्हणे ऑर्गन बनवणार?"

"बनवणार नाही, वाजवणार! कॉम्प्युटरमधून!"

"त्या कॉम्प्युटरमधून? तो सुरू व्हायच्या आत माझी भाजी चिरून होते."

आता मुळात झालं काय होतं ते सांगतो. भाऊंची थोरली बहीण, म्हणजे ताई, दर रविवारी प्रार्थनागृहात प्रवचन करायच्या. पण नुसतं बोलायच्या नाहीत, गायच्या! दोन वाक्यं बोलायची, तिसऱ्याला सूर लावायचा, आणि चौथं सगळ्या सभागृहाकडून म्हणवून घ्यायचं. ऐकणारा कितीही कोरडा असो, तासाभरात भिजून जायचा. भाऊ साथीला, पायानं भाता मारायच्या जुन्या ऑर्गनवर. आयुष्यभर लाउडस्पीकर दुरुस्त करून पोट भरलं, पण मन भरलं ते ताईंच्या मागे बसून.

तर गेल्या रविवारी, ऐन प्रवचनात, त्या ऑर्गनच्या भात्यानं असा काही सुस्कारा सोडला की मागच्या बाकावरचे आजोबा दचकून जागे झाले आणि "संपलं का?" म्हणाले. कारागीर आला. त्यानं झाकण उघडलं, नाक दाबलं आणि पुन्हा झाकण लावलं. "भाऊ, हा दुरुस्त करायचा म्हणजे याच्याभोवती नवा ऑर्गन बांधायचा."

प्रार्थनागृहाच्या चिटणीसांना हेच हवं होतं. माणूस वाईट नव्हे हो! फक्त घड्याळाचा. ताईंचं प्रवचन रंगलं की घड्याळ खुंटीला, आणि चिटणीस बिचारे मनगटाकडे बघून बघून मान आखडलेले. त्यांनी एक मोठा पांढरा पडदा आणून ठेवला होता. "साथ नाही तर गाणं कसं होणार? ताईंनी आता आराम करावा. आपण पडद्यावर तयार प्रवचनं दाखवू. वेळेत सुरू, वेळेत बंद. येत्या रविवारी साथीची सोय झाली तर ठीक, नाहीतर कायमचा पडदा!"

ताई एवढंच म्हणाल्या, "सूर नसला की माझे शब्द नुसते खाली पडतात रे, भाऊ. वर जात नाहीत."

यावर भाऊंनी ती पायऱ्यांवरची बढाई मारली. न मारून सांगतात कुणाला?

भाऊंच्या खोलीत एक पुरातन कॉम्प्युटर होता आणि त्यात त्याच्याच वयाचं एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. लेक शाळेत असताना सीडीवर घेतलेलं. ते बनवणाऱ्या कंपनीलाही आता ते आठवत नसेल. पण भाऊंचा त्याच्यावर फार जीव. "जुनं आहे, पण ओळखीचं आहे," असं ते म्हणत. बायको म्हणे, "तुमच्याबद्दल मीही हेच सांगते लोकांना."

वाद्यांच्या दुकानदाराकडून त्यांनी एक वापरलेला कीबोर्ड आणला. नुसत्या कळा, आत आवाजाचं नाव नाही. सोबत एक वायर, एक टोक कॉम्प्युटरला लावायचं, दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या. एका शेपटीवर 'आत' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, दुसरीवर 'बाहेर'. कीबोर्डच्या पाठीमागेही तशीच दोन भोकं. भाऊंनी शहाण्या माणसासारखं 'आत' ते आत घातलं, 'बाहेर' ते बाहेर. कळ दाबली. शांतता. जोरात दाबली. जोरदार शांतता!

त्यांनी वायर झटकली, पुसली, फुंकली, देवाचं नाव घेऊन पुन्हा लावली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, हे आतला आतलाच का जोडताय?"

"मग? आत लिहिलंय ते आतच जाणार ना!"

"असं कसं? तुमच्या तोंडातून बाहेर पडलेलं माझ्या कानात आत जायला हवं. तुम्ही तुमचं तोंड माझ्या तोंडाला लावून बसलात तर कुणाला काय ऐकू येणार?"

भाऊंचे कान लाल झाले. शेपट्यांची अदलाबदल झाली. आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा एक इवलासा दिवा कळेबरोबर लुकलुकला! भाऊंनी दोन्ही हात वर केले. "पोचलं! पोचलं!"

"आवाज कुठाय?"

आवाज नव्हताच. दिवा मात्र इमानेइतबारे लुकलुकत होता. शेवटी त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"भाऊ, मिडी मिडी म्हणतात तो आवाज नसतो," दुकानदार म्हणाला. "तो नुसता निरोप असतो. कोणती कळ दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. बस्स. गाणारा वेगळा लागतो, सिंथ म्हणतात त्याला. तो कॉम्प्युटरच्या आत बसवायचा. निरोप मिळाला की तो गातो."

भाऊ फोन हातात धरून तसेच बायकोकडे वळले. "म्हणजे आपण फक्त हाक मारायची, गाणारा आत बसलेला आहे! अगं ऐकलंस का? ताईचं अर्धं प्रवचन आहे हे!"

"आहे, पण आत कुणी बसलेलं नाहीये ना अजून," बायको म्हणाली.

मग आत बसणाऱ्याचा शोध सुरू झाला. भाऊंनी इंटरनेटवरून एक नवाकोरा सिंथ उतरवून घेतला. तो जुन्या सॉफ्टवेअरला ओळखच दाखवेना! दुसरा आणला, तो दारातूनच परत गेला. तिसऱ्यानं तर आत पाऊल ठेवताच कॉम्प्युटर बंद पाडला. मोठ्या घरची पोरं आणि एका खोलीचं बिऱ्हाड, दुसरं काय! शेवटी बायकोनंच माळ्यावरून सॉफ्टवेअरचं मूळ खोकं काढलं. त्यात, त्याच सीडीवर, त्याच वयाचा एक सिंथ इतकी वर्षं मुकाट पडून होता. भाऊंनी तो बसवला, सॉफ्टवेअरला तो कुठे राहतो याचा पत्ता दिला, आणि यादीत त्याचं नाव झळकलं. जुन्याला जुना भेटला!

नेमक्या त्याच वेळी ताई तालमीला आल्या, आणि "कुठवर आलंय ते बघू" म्हणत त्यांच्यामागून चिटणीस.

"या, या! अगदी वेळेवर आलात!" भाऊंनी बाह्या सरसावल्या. डोळे मिटले. प्रार्थनेची पहिली संथ, गंभीर ओळ छेडली.

धडाम्! ठण्! छुंई! टकटकटक, फुर्रर्र, झांय!

ताई खुर्चीत होत्या त्या उभ्या राहिल्या. चिटणीस उभे होते ते बसले.

"भाऊ," ताई हळूच म्हणाल्या, "ही प्रार्थना आहे की भांड्यांची मांडणी कोसळली?"

"एक मिनिट! फक्त एक मिनिट!" भाऊंनी पुन्हा वाजवलं. या वेळी मधोमध एक शिट्टीही वाजली.

"वा!" चिटणीस म्हणाले. "देव नक्की जागा होईल. मी पडदा टांगून ठेवतो." आणि गेले.

भाऊंचा चेहरा असा उतरला की ताईंनाच त्यांची समजूत काढावी लागली. दुकानदाराला पुन्हा फोन. तो इतका हसला की पलीकडून त्याचं गिऱ्हाईक "काय झालं?" विचारताना ऐकू आलं. निरोपाची वाट, म्हणजे चॅनेल, निवडताना भाऊंनी सवयीनं सगळ्यात आवडता आकडा घेतला होता. दहा! आणि मिडीच्या वाटांमध्ये दहावी वाट जन्मापासून ढोलताशांसाठी राखून ठेवलेली असते. वाट बदलली, यादीतून ऑर्गन निवडला, कळ दाबली...

आणि काय सांगू मंडळी! त्या जुनाट स्पीकरमधून असा भरदार, गोड, धुपाच्या धुरासारखा वर चढत जाणारा सूर आला, की बायकोनं स्वयंपाकघरातून पातेल्यासकट धाव घेतली. ताईंच्या डोळ्यांत पाणी! "अगदी आपला ऑर्गन रे! भाता शाबूत असतानाचा!"

"म्हटलं नव्हतं मी?" भाऊ छाती फुगवून म्हणाले.

"ध्वनी उत्तम आहे," बायको म्हणाली. "पण तुम्ही बोट खाली नेता आणि आवाज मागाहून का येतो?"

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. खरंच, कळ आता दाबावी आणि सूर किंचित थबकून, म्हाताऱ्या नोकरानं "आलो आलो" करत यावं तसा येत होता. ताई गाऊ लागल्या तर ऑर्गन एक शब्द मागे. पुन्हा दुकानदाराला फोन; कॉम्प्युटर सूर किती वेळ साठवून मग सोडतो, त्याचा त्यानं सांगितलेला आकडा कमी करून पाहिला तर उशीर गेला, पण सुराऐवजी गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी तडतड! पुन्हा वाढवला, तर तडतड गेली आणि उशीर परत आला.

"जुनं मशीन आहे भाऊ," दुकानदार म्हणाला. "उशीर किंवा तडतड, दोन्हीतलं एक पदरात घ्या."

भाऊंनी उशीर घेतला. रविवारी कॉम्प्युटर, स्पीकर, कीबोर्ड असा सगळा संसार प्रार्थनागृहात हलला. भिंतीवर पांढरा पडदा टांगलेला. चिटणीस त्याखाली रिमोट घेऊन बसलेले. सभागृह गच्च भरलेलं. देवासाठी किती आणि भाऊंच्या बढाईसाठी किती, ते देव जाणे!

ताई उभ्या राहिल्या. विषयही असा निवडला होता: 'देवाघरी उशीर असेल, पण विसर नाही.' दोन वाक्यं बोलल्या आणि सूर लावला,

"उंबऱ्यावर हा दिवा ठेविला, येशील तेव्हा ये..."

"ये" झालं. मग ऑर्गन आला.

पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दुसरी ओळ, ऑर्गन पुन्हा मागून धापा टाकत. ताई त्याच्यासाठी थांबल्या, तर तो त्यांच्यासाठी थांबलेला! दोन माणसं दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतात ना, तसं झालं. ताईंचा आवाज कापला. चिटणीसांनी रिमोट उचलला.

आता पडदा पेटणार, आणि ताई कायमच्या बसणार! भाऊंनी घाबरून ताईंकडे पाहिलं. आणि त्यांना दिसलं, ताईंनी चष्मा किंचित वर सरकवला होता.

चष्मा वर सरकला की ताई वरचा सूर लावतात! हनुवटी खाली गेली की बोलायला लागतात. खांदे सैल पडले की सगळ्यांना म्हणायला लावतात. इतकी वर्षं त्यांच्या मागे बसून भाऊंना हे असं ठाऊक होतं, जशी आईला तान्ह्याची भूक. रडण्याआधी कळणारी!

भाऊंनी कान बंद करून टाकले. ऐकायचंच नाही! नुसतं बघायचं. ताईंनी श्वास घेतला, आणि भाऊंनी सूर फुटायच्या आधीच कळ दाबली.

ताईंच्या ओठांतून "ये" निघालं आणि ऑर्गनमधून सूर निघाला. एकाच क्षणी! जणू एकाच छातीतून!

ताईंनी चमकून मागे पाहिलं. भाऊंनी मान डोलावली. आणि मग जो रंग चढला, मंडळी! ताई मनाला येईल तिकडे वळाव्यात, मध्येच थांबाव्यात, दोन ओळी गाळून तिसरीवर उडी घ्यावी, आणि ऑर्गन त्यांच्याआधी तिथे सतरंजी टाकून तयार! शेवटची ओळ सगळं सभागृह उभं राहून म्हणत होतं. मागच्या बाकावरचे आजोबा चक्क जागे होते! प्रवचन ठरल्या वेळेच्या कितीतरी पुढे गेलं आणि चिटणीसांनी एकदाही मनगटाकडे पाहिलं नाही. संपल्यावर ते उठले, ताईंसमोर गेले आणि खरोखर हात जोडले.

"ताई, पडदा... पडदा आम्ही खिडकीला लावू. ऊन फार येतं."

ताईंनी भाऊंच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरा, आज तू माझ्या आधी पोचलास."

बाहेर लोकांनी भाऊंना घेरलं. "काय साथ झाली हो! नवं सॉफ्टवेअर घेतलंत का?" भाऊ नुसते हसले. विनय म्हणतात तो हाच. फार जपून वापरला तर बढाईपेक्षा मोठा आवाज करतो.

कथा इथेच संपायला हवी होती. पण यश पचवणं सोपं का असतं? पुढचा सगळा आठवडा भाऊ कॉम्प्युटरपुढे. चाळता चाळता सॉफ्टवेअरच्या एका आडबाजूच्या कोपऱ्यात त्यांना सेटिंगची एक खूण सापडली. ती बदलली आणि काय आश्चर्य! उशीर गेला, तडतडही नाही! बोट टेकतं न टेकतं तोच सूर हजर! भाऊंनी ही बातमी कुणालाच सांगितली नाही. रविवारी सगळ्यांना चकित करायचं होतं ना!

केलंही. ताईंनी चष्मा वर सरकवला, भाऊंच्या बोटांना आता आधी दाबायची सवयच लागलेली, आणि ऑर्गन ताईंच्या आधीच वरच्या सुरावर जाऊन बसला. ताई प्रश्न विचारायच्या आत उत्तर! मागणं मागायच्या आत समाप्तीचा सूर! ताई थांबल्या. वळल्या. कमरेवर हात ठेवले.

"अरे भाऊ, देवाला आधी ऐकू तर दे! मग त्याला ओ दे म्हणावं!"

सभागृह खो खो हसलं. चिटणीस सगळ्यांत जास्त. ताईही हसल्या, आणि हसत हसतच पुढे गायल्या, ऑर्गनच्या मागे धावत धावत.

घरी आल्यावर भाऊ मुकाट्यानं कॉम्प्युटरपुढे बसले.

"आता काय बिघडलं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही गं," भाऊ पडद्याआड तोंड लपवत म्हणाले, "जरासा उशीर घालतोय."