भागी तांबडे झुंबरे

१२ ऑक्टोबर १९९३, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. ही वेळ मी नोंदवहीत लिहीत असतानाच माझ्यामागे कोणीतरी एका जास्वंदीला विचारले, "अन् माय?"

जास्वंदीने उत्तर दिले नाही. मग तोच प्रश्न मला आला.

परभणीच्या ज्या रोपवाटिकेत मी पीएच.डी.चे काम करीत होते, तिथे सोपानमामा रोजंदारीवर होते. पन्नाशीचे, पेडगावचे. टोपीत कोंबडीचे पीस खोचलेले. त्या पिसाने ते एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावीत आणि ज्याला लावले त्याच्या देठाला लाल दोरा बांधीत. मी त्यांना माझे संपूर्ण नाव सांगितले होते, वडिलांच्या नावासह, आडनावासह.

"ते बापाचं झालं. अन् माय?"

"शकुंतला."

"हां. शकुंतलाबाईची लेक. आता वळख झाली."

ते दिवस नामांतराचे. आडनाव कळले की समोरचा माणूस मनातल्या मनात तुमचा रकाना ठरवून मोकळा होई: विद्यापीठाचे नाव बदला म्हणणारे, की बदलू नका म्हणणारे. सोपानमामांकडे रकाना एकच होता. माझ्या मार्गदर्शक सरांना त्यांनी पाहुण्यांसमक्ष आईचे नाव विचारले, आणि सर कसनुसे हसत "द्वारकाबाई" म्हणाले. नमुने गरगर फिरवून त्यांतले घटक वेगळे करणारे नवे सेंट्रिफ्यूज आले तेव्हा खोके उघडण्याआधी त्याच्याही मायची चौकशी झाली. मी "जर्मनी" म्हणाले. "लय लांबून नांदायला आली," असे म्हणत त्यांनी यंत्राला हळदकुंकू लावले. वसतिगृहात मी त्यांची नक्कल करी. ती फार चांगली साधत असे, हे आज लिहिताना अभिमान वाटत नाही.

माझा विषय होता जास्वंदीच्या भाऊबंद जातींमधील नाते. पानाच्या पेशीत जे हिरवे कण असतात, त्यांचा स्वतःचा वेगळा जनुकसंच असतो. जास्वंदीत तो फक्त आईकडून येतो. तो वेगळा काढायचा, त्याचे तुकडे करायचे, त्या तुकड्यांच्या पट्ट्या जेलच्या पातळ थरावर उमटवायच्या आणि जातीजातींच्या पट्ट्या ताडून पाहायच्या. जास्वंदीचे पान इतके बुळबुळीत, की शुद्ध नमुना हाती येईपर्यंत माझे दोन महिने गेले. हे सगळे मी सोपानमामांना समजावून सांगितले.

"म्हंजे पान मायचंच नाव सांगतंय?"

"हो."

"मग येवढी मशीन कामून लागली? आमी बी तेच म्हनायलोत."

त्यांनी तयार केलेले नऊ संकर रांगांनी उभे होते. प्रत्येक रांगेला पत्र्याची पाटी. मी सर्वांत आधी तपासायला घेतली त्या रांगेच्या पाटीवर होते: 'भागी तांबडे झुंबरे'. संकराच्या नोंदीत आईचे नाव आधी आणि बापाचे नंतर लिहावे, हा आमचा नियम. त्यानुसार मी भागीची आई तांबडी जास्वंद आणि बाप झुंबर जास्वंद धरला. जेलवर मात्र पट्ट्या झुंबराच्या आल्या.

सोपानमामा माझ्यापासून तीस पावलांवर खुरपत होते. मी विचारायला गेले नाही. अहवालात लिहिले: 'पाट्यांची अदलाबदल झालेली दिसते. नोंदी अल्पशिक्षित मजुराच्या असून विश्वासार्ह नाहीत.' वाक्य मला नेटके वाटले होते.

सरांनी ती रांग उपटायला सांगितली आणि सोपानमामांना जोंधळ्याच्या शेतावर पाखरे राखायला पाठवले. जाताना ते भागीपाशी थांबले. जुन्या पाटीच्या जागी माझी पाटी होती: 'क्र. ५, संशयित'.

"ताई, भागीचं बी नामांतर केलं का तुमी?"

मजूर हसले. मीही हसले. रांग माझ्यासमोर उपटली गेली.

सोपानमामांची संकरांच्या नोंदींची वही पुरावा म्हणून अहवालाला जोडायची होती. त्यासाठी ती मी प्रथमच पहिल्या पानापासून उघडली. पहिल्या पानावर झाड नव्हते. वाकड्या अक्षरांत त्यांनी स्वतःचे नाव लिहिले होते:

सोपान ———— भागीरथे.

हजेरीपटावर ते 'पेडगावकर' होते. ते आडनाव कचेरीने गावावरून घातलेले. इथे मात्र आधी स्वतःचे नाव, मधे बापाची जागा आणि शेवटी आडनाव, तेही आईच्या नावाचे. भागीरथीचा, म्हणून भागीरथे. मधली रेघ लांब आणि रिकामी होती. पुढच्या पानांवर झाडेही त्याच रीतीने लिहिलेली होती. भागी ही झुंबराची लेक, म्हणून झुंबरे. पाटी बरोबर होती. जेल बरोबर होते. आणि त्या झाडाला त्यांनी स्वतःच्या आईचे नाव ठेवले होते.

मी सायकलने शेतावर गेले. माळ्यावर गोफण घेऊन उभे असलेले सोपानमामा मला पाहून खाली उतरले.

"मामा, चूक माझी झाली. भागीच्या मायला मी बापाच्या जागी वाचलं."

"समदेच आडनाव बापाचं वाचतेत, ताई." गोफण गुंडाळीत म्हणाले, "इचारायचं व्हतं की."

ते विहिरीकडे चालू लागले. तिथे ओल्या मातीत उपटलेल्या भागीच्या चार काड्या खोचलेल्या होत्या. तीन वाळल्या होत्या. चौथीला पालवी होती.

"तपासाया पानं लागतील ना? न्या. पर दोनच घ्या. ल्हान हाय ती."

तोडण्याआधी त्यांनी काडीवर हात ठेवला.

दुरुस्तीचे पत्र मी दिले. सर म्हणाले, आधी प्रबंध. बदली रद्द झाली नाही, आणि मी दुसरे पत्र लिहिले नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सेंट्रिफ्यूज दुरुस्त करणाऱ्याचे नाव आहे. सोपानमामांचे नाही.

मात्र त्या नऊही संकरांची पाने मी एकेक करून तपासली, भागीची ती दोन सर्वांत शेवटी. निकाल त्यांच्याच वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या हाताने लिहिलेला आहे. माय बरोबर: नऊपैकी नऊ.