सासूबाईंची पिवळी गाडी आणि उरलेला पंचा

“रंगकामात अवघड काय आहे? हत्यारं नीट निवडली की निम्मं काम झालंच!”

तोकुजिरो इवाकुरांनी नाश्त्याच्या वेळी हे जाहीर केलं आणि त्यांच्या बायकोने, सुमिएने, सूपचा वाडगा खाली ठेवला. ‘निम्मं काम झालंच’ हे तिने संसारात पुष्कळदा ऐकलं होतं. उरलेलं निम्मं दर वेळी तिच्याच गळ्यात पडायचं.

गाडी तोकुजिरोंच्या सासऱ्यांची होती. दोन दारांची, गोलमटोल, रस्त्यात कुणी लाडू ठेवून दिल्यासारखी. सासरे गेल्यापासून ती अंगणातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपली होती. गॅरेजवाल्याने इंजिन ठणठणीत करून दिलं, पण मूळचा पिवळा रंग पार उडाला होता. आणि सासूबाई, म्हणजे हात्सुएबाई, यंदा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होणार होत्या. अठ्ठ्याऐंशीवं म्हणजे जपानी रीतीने पिवळं जाकीट, पिवळी टोपी, देवळात पूजा आणि गावभर कौतुक! त्यांची मागणी एकच होती.

“नवरी होऊन याच गाडीतून टेकडीवरच्या देवळात गेले होते मी. एकदा परत जायचंय.”

“मी रंगवून देतो! अगदी तोच पिवळा!” तोकुजिरो छाती काढून म्हणाले.

“हं,” सासूबाई म्हणाल्या.

हा ‘हं’ तोकुजिरोंच्या आयुष्याला पुरून उरला होता. त्यांना बढती मिळाली, तेव्हा ‘हं’. घराचं छप्पर बदललं, तेव्हा ‘हं’. मुलीचं लग्न थाटात लावलं, तेव्हाही ‘हं’, आणि तोसुद्धा जरा आखूड! या वेळी सासूबाईंच्या तोंडून एक तरी धड शब्द काढायचाच, असा त्यांनी विडा उचलला.

मग हत्यारांची निवड सुरू झाली. तोकुजिरो रोज दुकानात जायचे, फवाऱ्याची बंदूक हातात घ्यायचे, एक डोळा मिटून नेम धरायचे आणि परत ठेवायचे. ब्रश, रोलर, पॉलिशपेपर सगळ्यांची तपासणी झाली. मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा त्यांनी इतक्या चौकशा केल्या नव्हत्या! शेवटी एक चकचकीत फवारा-बंदूक आणि तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घरी आला.

“आता शेजाऱ्यांना सांगून या,” सुमिए म्हणाली. “आवाज होणार, वास येणार.”

ते तर करायलाच हवं होतं. तोकुजिरोंनी निळ्या लाटांच्या नक्षीचे पंचे आणले, पांढऱ्या कागदात गुंडाळले आणि दारोदार जाऊन कमरेत वाकले. “घरीच गाडी रंगवतोय. थोडा त्रास होईल, सांभाळून घ्या!” सगळ्यांनी त्यांच्याहून खाली वाकून पंचे घेतले. एक पंचा उरला.

आता कुणी काही दिलं की त्याची परतफेड केल्याशिवाय उसुकी गावातल्या माणसाला जेवण जात नाही. संध्याकाळपर्यंत चारही शेजारी दारात हजर!

पहिले आले मादारामे. त्यांची मासेमारीची होडी होती. “इवाकुरासान, होडी रंगवायचा ब्रश आणलाय. क्षुल्लक वस्तू आहे.” ब्रश केरसुणीएवढा होता. मागोमाग सुलेखन शिकवणारे कुशिदा मास्तर शेळीच्या केसांची मऊ तूलिका घेऊन आले. ओकोनोमियाकीचं, म्हणजे जपानी धिरड्यांचं, हॉटेल चालवणाऱ्या आमेमियांनी धिरडी उलथायचं कोरं करकरीत उलथणं दिलं. “पत्र्यातल्या खड्ड्यांत लांबी भरायला याच्यासारखं काही नाही, बघा!” शेवटी आल्या पलीकडच्या घरातल्या नुकुईबाई. त्यांनी स्पंजचा रोलर पुढे केला.

“कॉम्प्रेसर आणलाय म्हणे तुम्ही! किती उत्साही माणूस हो! आणि वारासुद्धा आमच्याच बाजूला वाहतो सध्या. छान वाटतं.”

“ऐकलंस? आपलं कौतुक करत होत्या,” दार लावल्यावर तोकुजिरो खुशीत म्हणाले.

“अहो, कौतुक कसलं?” सुमिएने कपाळाला हात लावला. “त्या रोज गाद्या वाळत घालतात बाल्कनीत! फवारा मारलात तर पिवळ्या ठिपक्यांच्या गाद्यांवर झोपावं लागेल त्यांना. नको म्हणून गेल्या त्या!”

“मग ‘नको’ असं म्हणायचं ना!”

“असं कुणी तोंडावर म्हणतं का?”

हे मात्र बरोबर होतं. बंदूक खोक्यात परत गेली. दुसरं संकट त्याहून मोठं होतं. चार शेजाऱ्यांनी चार हत्यारं दिली होती. ती वापरली नाहीत तर चौघांचा अपमान! नुसती वापरूनही भागणार नव्हतं, देणाऱ्याला ती वापरताना दिसायला हवी होती. मादारामे सकाळी बंदरावर जाताना फाटकासमोरून जायचे, म्हणून गाडीचं नाक होडीच्या ब्रशने रंगलं. कुशिदा मास्तरांची खिडकी डाव्या बाजूला होती, म्हणून डावं दार तूलिकेने. नुकुईबाईंना बाल्कनीतून, शेडच्या उघड्या बाजूने, टप दिसायचा, तिथे रोलर! आमेमिया दुपारी सायकलवरून जाताना नेमके वळून बघायचे. ती सायकलची घंटा ऐकली की तोकुजिरो हातातलं सगळं टाकून उलथणं उचलायचे आणि नसलेल्या खड्ड्यांत लांबी भरायचे.

“वा, इवाकुरासान! उलथणं चालतंय ना?”

“लाजवाब! याच्याशिवाय पानच हलत नाही!”

त्यात तोकुजिरो पडले काटेकोर. काचांना चिकटपट्टी, दिव्यांना वर्तमानपत्र आणि जिथे म्हणून भोक दिसेल तिथे काहीतरी कोंबलेलं. रंगाचा थेंब आत जाता कामा नये!

पहिला हात वाळला तेव्हा गाडीकडे बघवेना. नाकावर नांगरटीसारख्या रेघा, दार तुळतुळीत आणि टपाला संत्र्याची साल. तोकुजिरोंचं तोंड एवढंसं झालं. सासूबाईंच्या शेडपर्यंतच्या फेऱ्या वाढल्या होत्या. त्या यायच्या, काठीवर रेलून बघायच्या आणि परत जायच्या. ‘हं’सुद्धा बंद झाला होता!

पण शेजारीच ते. गाडी अशी दिसल्यावर त्यांचं काळीज हललं. मादारामे पॉलिशपेपर घेऊन आले, “सहज इकडून जात होतो” म्हणत. मग बाकीचे तिघेही सहजच आले. सगळ्यांनी मिळून पाणी मारून घासलं, पुन्हा रंग दिला, पुन्हा घासलं. आमेमियांनी गरम धिरडी आणली. शेडमध्ये असा काही कल्ला झाला की सुमिएला वाटलं, वाढदिवस आजच आहे. आणि शेवटचा हात वाळला तेव्हा गाडी अशी उजळली की सगळे बघतच राहिले. तोकुजिरोंच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाढदिवसाच्या सकाळी ते लवकर उठले. चिकटपट्ट्या काढल्या, दिव्यांवरचे कागद काढले. चाकाच्या वरच्या बाजूला एक टिकली राहिल्यासारखी वाटली, म्हणून मडगार्डखाली डोकं घालून तीही रंगवली. मग सूट चढवला. पिवळं जाकीट, पिवळी टोपी घालून सासूबाई पिवळ्या गाडीत बसल्या. चारही शेजारी निरोप द्यायला उभे होते. तोकुजिरोंनी ऐटीत किल्ली फिरवली.

खर्र, खर्र... फुस्स!

पुन्हा फिरवली. पुन्हा फुस्स! देवळात भटजी वाट बघत होते.

“टॅक्सी बोलावू का?” सुमिए हळूच म्हणाली.

“याच गाडीतून जाईन,” सासूबाई आतून म्हणाल्या. “नाहीतर जाणार नाही.”

झालं! नुकुईबाईंनी बाह्या सरसावल्या. पुरुषांनी कोट काढले. तोकुजिरो दारातून हात घालून स्टिअरिंग धरून ढकलू लागले आणि चौघे शेजारी मागून. देवळाची चढण म्हणजे काय चेष्टा आहे? पहिल्याच वळणावर आमेमियांच्या छातीचा भाता झाला.

“इवाकुरासान,” मागून मादारामे धापा टाकत म्हणाले, “गाडीची मागची बाजू... फारच काळजीपूर्वक केलीये हं तुम्ही!”

“कसचं, कसचं! तुमच्या ब्रशची कृपा!” तोकुजिरो वळून वाकले.

थोड्या वेळाने कुशिदा मास्तर म्हणाले, “मागे तर... बारीकसारीक काहीच सोडलेलं नाही!”

तोकुजिरो पुन्हा वाकले. मागे चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि गाडी पुढे ढकलली.

देवळाच्या पायऱ्यांशी पोचल्यावर सगळे कठड्यावर ओळीने कोसळले. सासूबाई उतरल्या. काठी टेकत त्यांनी गाडीभोवती सावकाश फेरी सुरू केली. नाकावरून हात फिरवला. दारावरून फिरवला. तोकुजिरो श्वास रोखून उभे!

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “अगदी तोच रंग. ह्यांनाही असा जमला नसता.”

अख्खं वाक्य! तोकुजिरोंना टेकडीवरून उडी मारून गावभर ओरडत सुटावंसं वाटलं. तेवढ्यात सासूबाई मागच्या बाजूला पोचल्या. त्यांनी वाकून बघितलं आणि काठीचं टोक धुराच्या नळीवर ठेवलं.

“आणि हिच्या तोंडात हा बोळा कशाला कोंबलाय?”

निळ्या लाटांच्या नक्षीचं टोक नळीतून डोकावत होतं. उरलेला पंचा!

तोकुजिरोंनी तो ओढून काढला. किल्ली फिरवताच गाडी पहिल्या दमात सुरू झाली आणि कुशिदा मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचा एक सणसणीत फटकारा उमटवून गेली.

“तुम्हाला दिसलं नाही?” तोकुजिरो रडकुंडीला आले. “तुम्ही सगळे मागेच होतात ना!”

“दिसलं हो,” नुकुईबाई पदराआड हसावं तशा हाताआड हसल्या. “निघतानाच दिसलं होतं. पण म्हटलं, गाडी रंगवणाऱ्यांची काही पद्धत असेल. तुम्हाला कसं सांगायचं?”

सासूबाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग टोपी वाकडी झाली, मग त्यांना काठी सोडून गाडीचाच आधार घ्यावा लागला. वडील गेल्यापासून आईला असं हसताना सुमिएने पाहिलं नव्हतं. ती एकीकडे हसत होती, एकीकडे डोळे पुसत होती.

“यापुढे मला काही सांगायचं असेल तर सरळ तोंडावर सांगायचं!” तोकुजिरोंनी सगळ्यांना बजावलं. “वचन द्या!”

“वचन!” चौघे एका सुरात म्हणाले. तोकुजिरो कृतज्ञतेने प्रत्येकापुढे एकेकदा, कमरेत पार वाकले. मग भटजींनी वरच्या पायरीवरून सगळ्यांचा फोटो काढला.

तो फोटो आता इवाकुरांच्या दिवाणखान्यात आहे. मधोमध झळझळीत गाडी, दोन्ही बाजूंना शेजारी, सगळ्यांच्या नजरा अगदी सभ्यपणे दूर समुद्राकडे. एकट्या सासूबाई खदखदून हसताहेत आणि बघताहेत जावयाच्या टकलाकडे. तिथे, बरोबर माथ्यावर, धिरड्याएवढा पिवळा रंग लागलेला आहे.