हुकाखालची जागा

सिंदेवाहीच्या त्या ट्रॅक्टर दुरुस्ती प्रशिक्षण केंद्रात बसायला खुर्ची नव्हती. ज्या चार होत्या त्या शिकवणाऱ्या रंजीताबाईंनीच कोठीत टाकल्या होत्या. गावातली पोरं लवकर येऊन त्या धरत, आणि लालसूसारखी जंगलाकडच्या गावांहून बसनं येणारी पोरं भिंतीला टेकून उभी राहत. म्हणून आता सगळे ताडपत्रीवर, बाईसुद्धा.

त्यामुळे तपासणीला आलेल्या साहेबांनी “बसायचं कुठे?” असं विचारलं, तेव्हा मुलींच्या तुकडीतल्या साक्षीनं ताडपत्रीवरची धूळ झटकली.

“इथी बसा, सर. इथी सारे सारखेच.”

साहेब नुकतेच समतेवर बरंच बोलले होते. आता मागे फिरता येईना. बूट काढून, इंजिनाचा आधार घेत ते हळूहळू खाली गेले. जाताना गुडघ्यात काहीतरी वाजलं. ते रंजीताबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

“समता हवीच,” टेकल्यावर साहेब म्हणाले, “पण मुलींना हे अवजड काम झेपायचं नाही. पुढच्या वर्षी त्यांची तुकडी शिवणकामाकडे वळवावी, असं माझं मत झालंय.”

साक्षीनं मान खाली घातली. रंजीताबाईंची नजर आढ्याकडे गेली. वीसेक वर्षांपूर्वी याच शेडमध्ये त्या एकट्याच मुलगी होत्या. शेजारच्या गिरणीतल्या कोंड्याचा वास डिझेलच्या वासात मिसळायचा, आणि पोरं मागून म्हणायची, “इंजन उचलून दाखव नं.” एक दिवस शिकवणाऱ्या सोमाजीभाऊंनी आढ्याच्या हुकाला टांगलेल्या चेनकुप्पीची, म्हणजे इंजिनं उचलायच्या कप्पीची, साखळी त्यांच्या हातात दिली. “वढ, बाई. साखळी कोनाचा हात हाय ते पाहत नाई.” साखळी पुष्कळ ओढावी लागली, जोर मात्र थोडाच लागला. इंजिन जमिनीवरून सुटलं आणि पोरं मागे सरकली. तो कोंड्याचा वास अजूनही आला, की त्यांना सोमाजीभाऊंची तेलकट टोपी दिसे.

हे साहेबांना कसं सांगावं, या विचारात चहा झाला. प्रश्न संपले. साहेब उठेनात. त्यांनी पुन्हा ऑइल फिल्टरपासून सुरुवात केली. मग पोरांची गावं विचारली, मग मार्कंड्याच्या जत्रेला कोण कोण जातं ते विचारलं.

“साहेब, गाडी फिरवून ठेवली,” ड्रायव्हर गुलाब दारातून म्हणाला.

“ठेव.”

गुलाब दुसऱ्यांदा आला, तेव्हा साहेब रंजीताबाईंकडे झुकून पुटपुटले, “मॅडम, गुडघा अडकलाय.”

गुलाब आणि लालसूनं दोन्ही दंड धरून ओढलं. साहेब थोडे वर आले आणि दोघांना घेऊन खाली बसले.

“लाजू नका, सर,” लालसू धापा टाकत म्हणाला. “आमच्या गावच्या पाटलाले चौघं लागते.”

साक्षी मघापासून आढ्याकडे पाहत होती. “मॅडम, चेनकुप्पी लावू का जी?”

“मी इंजिन नाही,” साहेब म्हणाले.

“नाई, सर. इंजन जड असते.”

रंजीताबाईंनी इंजिनाचा रुंद कापडी पट्टा साहेबांच्या काखेखालून घेतला, चेनकुप्पीला अडकवला आणि दोनदा ओढून पाहिला. मग साक्षीला मानेनं खुणावलं. साखळी खटखट करू लागली. साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि ते संथपणे, मोठ्या इतमामानं वर येऊ लागले. पाय सरळ झाले, तळवे टेकले.

“लालसू,” डोळे न उघडता ते म्हणाले, “तुझ्या हातात जोर आहे हो.”

“मी तं तुमचे बूट धरून राह्यलो, सर.”

आवाज समोरून आला होता. साहेबांनी डोळे उघडून मान वळवली. मागे साक्षी एका हातात साखळी धरून उभी होती. दुसऱ्या हातानं ती सुटलेली वेणी मागे टाकत होती.

साहेबांनी उभ्या उभ्या बूट घातले. गाडीत बसताना ते रंजीताबाईंना एवढंच म्हणाले, “ते शिवणकामाचं अजून वर कळवलेलं नाही. राहू द्या.”

पुढच्या वर्षी साहेब आले, तेव्हा मुलींची नवी तुकडी ताडपत्रीवर बसली होती. रंजीताबाईंनी कोठीतली एक खुर्ची पुसून त्यांच्यासाठी मांडली होती. साहेबांनी ती बाजूला सारली, बूट काढले, वर आढ्याकडे नीट पाहिलं, आणि हुकाच्या बरोबर खाली मांडी घातली.